दप्तर लपवणाऱ्या मुलीचा उन्हाळा

बाजारात दप्तरं टांगली गेली की आमच्याकडचा उन्हाळा उताराला लागला असं समजावं. पारा खाली यायचं नाव घेत नाही, कुलरची हवा कोमट झालेली असते, तरी वर्ध्याच्या बाजारात दुकानांबाहेर बांबूला एकाखाली एक दप्तरं लटकू लागतात. गुलाबी दप्तरांवर सोनेरी केसांच्या राजकन्या, निळ्यांवर मोटारी. पुण्या-मुंबईकडच्या शाळा तोवर सुरू होऊन पोरं कंटाळलेलीही असतात. आमच्या विदर्भात मात्र उन्हाचा मान ठेवून शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. परवा भाजी घ्यायला गेले, तर त्यातलं एक दप्तर डोक्याला लागलं. नव्या रेक्झिनचा उग्र वास नाकात गेला आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागचा स्कूटरवाला म्हणाला, "मॅडम, साइडले व्हा न जी." मी साइडला झाले, पण काय घ्यायला आले होते तेच विसरले. कोथिंबीर राहिली आणि घरी त्यावरून बोलणी खाल्ली.

त्या वासानं मला आरूच्या उन्हाळ्यात नेऊन सोडलं होतं, त्याला मी काय करू?

आरू म्हणजे आरोही. आमच्या घरी आली तेव्हा चारेक वर्षांची होती. आमची मुलगी नव्हे, नात नव्हे, नात्यातलीही कोणी नव्हे. घरची माणसं सांभाळू शकत नाहीत अशा लेकराला काही काळ आपल्या घरी वाढवायचं, आणि त्याचं माणूस सावरलं की परत त्याच्या हाती द्यायचं, अशी एक सोय असते. सरकारी भाषेत त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. आमच्या बोरगावच्या गल्लीच्या भाषेत, "मॅडमनं पोट्टी आणली."

मॅडम मी. हायस्कुलात भूमिती शिकवते. शाळेत पुस्तकी मराठी, घरात वऱ्हाडी, आणि आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा. हे पोस्टात होते, आता निवृत्त. अंगणात वांगी लावतात आणि माझं बोलणं ऐकून घेतात. मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला, घर मोकळं झालं, आणि मोकळं घर मला मानवत नाही. तेव्हा बाल कल्याण समितीकडे अर्ज मी केला, सह्या दोघांनी केल्या.

आरूची आई वारली होती. बाप कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. मग हायवेवरच्या जाम गावची मावशी, वंदना, तिनं लेकराला जवळ केलं. पण तिच्या नवऱ्याला हायवेवर ट्रकनं उडवलं, तो खाटेला खिळला, हातात महिन्याचं बाळ. बिचारी काय काय करणार? पोर बालगृहात गेली, आणि तिथून आमच्याकडे आली. "मी सावरली का माह्या बहिणीची पोर मी घेऊन जाईन," असं वंदनानं पहिल्याच भेटीत आम्हाला डोळ्यांत पाहून सांगितलं होतं. मला ती बाई तेव्हाच आवडली.

शेजारच्या वानखडे काकूंना मात्र हे पटेना. कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून म्हणायच्या, "मॅडम, दुसऱ्याचं लेकरू. उद्या घेऊन जातीन. काऊन येवढा जीव लावून राह्यल्या?"

मी म्हटलं, "काकू, शाळेतले पोट्टेबी दुसऱ्याचेच असतेत. दहावी झाली का जातेतच न? म्हणून मी शिकवायचं सोडू का?"

काकू गप्प बसल्या. मी असं बोलले की लोक गप्प बसतात; पटलं म्हणून बसतात असा माझा समज आहे.

तर, जूनमध्ये आरूला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं होतं. आमच्याकडे केजीच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती दोन खोल्या नि एका पत्र्याच्या शेडमध्ये का भरेना. म्हटलं, त्यात काय एवढं. वर्तुळाच्या प्रमेयांना घाबरून पळणाऱ्या पोरांना मी धरून आणून पास केलंय, एका केजीची काय कथा. मार्चच्या अखेरीला, कुलरला नवं गवत भरलं त्याच दिवशी, मी तयारीला लागले.

पहिल्याच आठवड्यात समजलं की जे शिकवायचं म्हणून मी कंबर कसली होती ते तिला येत होतं, आणि जे कुठल्याही पोराला आईच्या कडेवर येतं ते येत नव्हतं. जेवायची वेळ झाली की ती ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, तरी रांगेत.

"आरू, बस न बाई."

"माहा नंबर आला?"

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ह्यांनी आपलं ताट घेतलं आणि तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ती वळून वळून पाहत होती. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, आपल्या मागे रांगेत. दोन-तीन दिवस तिला ते बरोबर वाटलं असावं. मग एकदा म्हणाली, "तू पयले जाय. तू बुढा हाये." आणि स्वतः जाऊन पाटावर बसली. तिथे रांग मोडली.

डब्याचं वेगळंच. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण बोटांनी उघडायला शिकणं हा सगळ्याच पोरांचा प्रश्न. आमचा प्रश्न डबा बंद करण्याचा होता. ती समोरचं सगळं भराभर संपवायची, आणि नाहीच संपलं तर उरलेली पोळी फ्रॉकच्या खिशात जायची. कपडे धुताना मला खिशातून पोळीचे तुकडे मिळायचे, कुरडईचे मिळायचे, एकदा आख्खं गुळाचं तळलेलं बोंड. खिशात हात घालून बघायचं आणि मग फ्रॉक बादलीत टाकायचा. अर्धी पोळी उरवून झाकण लावायचं, आणि ती पोळी संध्याकाळपर्यंत तिथेच असते हे उघडून बघायचं, हा त्या उन्हाळ्यातला आमचा एक मोठाच धडा होता. इंग्रजी मुळाक्षरं त्यापुढे काहीच नाहीत, ती कोणीही शिकवील.

आणखी एक. ती कशालाच नाही म्हणत नसे. भात घेतेस? हो. पुरे का? हो. झोपतेस? हो. शाळेत असं पोर असलं की शिक्षिकेला फार बरं वाटतं. मला अशा पोरांची काळजी वाटते. म्हणून मी तिला नाही म्हणायला शिकवलं. मुद्दाम विचारायचे, "आरू, चपलेची चटणी खाते का?" ती विचारात पडायची. शेवटी एकदा हसून म्हणाली, "नाई." त्यानंतर आठ दिवस घरात दुसरा शब्द नव्हता. भेंडी? नाई. आंघोळ? नाई. वेणी? नाई. शिकवलं मी होतं, भोगलंही मीच.

मला ती मोठी आई म्हणायची आणि ह्यांना मोठे बाबा. ते मी ठरवून दिलं होतं. आई म्हणू दिलं असतं तर मला गोड वाटलं असतं, कोणाला वाटणार नाही? पण ती जागा माझी नव्हती आणि मला तिथे तात्पुरतं बसायचं नव्हतं.

मे महिना अर्ध्यावर आला तेव्हा मी दप्तर आणलं. शाळेला अवकाश होता, पण पोरीला सवय व्हावी म्हणून लवकर आणलं. जांभळं, वर पांढरं मांजर. त्यात डबा ठेवला, पाण्याची बाटली, रंगखडू, रुमाल, आणि शाळेत सू झालीच तर म्हणून एक फ्रॉक नि दोन चड्ड्या. प्रत्येक कपड्यावर दोऱ्यानं तिचं नाव घातलं. दाराशेजारच्या खुंटीला दप्तर टांगून म्हणाले, "हे पाय, आरूची बॅग. आता आरू शाळेत जाणार." तिनं एकटक पाहिलं. मला वाटलं, हरखली.

दुसऱ्या दिवशी दप्तर गायब. शोधलं तर कुलरच्या मागे, ओलंचिंब. वाळवून पुन्हा टांगलं. पुन्हा गायब, या वेळी माळ्यावर जायच्या जिन्याखाली, जुन्या गोणपाटात. तिसऱ्यांदा ते ह्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात सापडलं, वर पालापाचोळा पसरलेला. वानखडे काकू भिंतीवरून म्हणाल्या, "पोट्टी लय खोडकर हाये, मॅडम." मलाही तसंच वाटलं. उन्हानं डोकं तापलेलं, त्यात दप्तराला माती. मी माझ्या दहावीच्या आवाजात विचारलं, "हे कोणं केलं?" ती हात मागे बांधून जमिनीकडे बघत उभी राहिली. "मले माईत नाई."

दुपारी हे कुलरमध्ये पाणी भरत होते. नळीचं टोक धरायचं काम आरूचं, ते तिला फार प्रिय. दारं-खिडक्या बंद, घरात अंधार नि ओल्या गवताचा वास. ह्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज बॅग कुठी लपवली?"

"सांगत नाई."

"काऊन?"

"बॅग भरली का जा लागते."

"कुठी जा लागते?"

"मावशीनं भरली होती बॅग. माहे फ्राक टाकले. मंग बालगृहात गेलो आमी. मंग तिथच्या ताईनं भरली. मंग जीप आली, अन् इकडे आणलं." आणि जरा थांबून, "आता मोठ्या आईनं भरली."

कुलर भरून पाणी फरशीवर आलं तरी ह्यांच्या ध्यानात आलं नाही. ओल्या पायजम्यानिशी आत आले आणि मला जसंच्या तसं सांगितलं. मी पलंगावर बसले. बोलले नाही. मी न बोलणं ही आमच्या घरात बातमी असते.

शाळेची भीती तिला नव्हतीच. शाळा काय असते हे माहीत होतं कुठे? तिला एवढंच माहीत होतं की आपले कपडे पिशवीत भरले की त्या घरी पुन्हा येणं नसतं. तिचं चुकलं कुठे होतं? आजवर दर वेळी तसंच झालं होतं. मी मात्र त्या कपड्यांवर नाव घालत बसले होते, मोठ्या कौतुकानं. फार वाईट वाटलं मला. वाईट वाटून थांबणाऱ्यातली मी नाही, फळ्यावर चुकलं तर पुसायचं आणि पुन्हा मांडायचं, पण त्या दुपारी जरा वेळ लागला.

संध्याकाळी माझ्या डोक्यात गोष्ट स्वच्छ झाली. जूनअखेर या पोरीला शाळेच्या दारात सोडून मी वळणार, आणि तिला वाटणार, झालं, हेही घर संपलं. आणि ती रडणार नाही, हे त्याहून वाईट. ती गुमान रांगेत जाऊन उभी राहील आणि नव्या बाईंना ताई म्हणायला लागेल. तोवर तिला एकच गोष्ट पटायला हवी होती: आम्ही गेलो तरी येतो, आणि तीही गेली तरी येते. रंग, आकडे, कविता, सगळं मी बाजूला ठेवलं.

सगळ्यात आधी दप्तरातून फ्रॉक नि चड्ड्या तिच्यासमोर काढून कपाटात ठेवल्या. शाळेत सू झाली तर ओल्या चड्डीत घरी येईल, येऊ दे. मग घरात नियम केला. बाहेर जाणाऱ्यानं पिशवी घेऊनच जायचं, आणि परत आल्यावर ती आरूसमोर दिवाणावर रिकामी करायची. हे टपरीवर गेले तरी पिशवी घेऊन जायचे. मी पेपर तपासायला केंद्रावर जायचे, आल्यावर पर्स उलटी करायची. लाल पेन, चष्म्याचं घर, सुपारीची डबी, चुरगळलेली तिकिटं. आरू एकेक वस्तू उचलून बघायची, अगदी नाक्यावरच्या पोलिसाच्या थाटात. "हे सकाळी होतं?" "होतं." "हे?" "हे नाही, हे आत्ता आणलं, तुह्यासाठी." एवढं झालं की पाणी प्यायला परवानगी.

वानखडे काकूंनी सल्ला दिला होता, "तिले टीव्ही लावून द्या न् सटका. आमी तसंच करत होतो." सगळेच तसं करतात. पोराला मांजर दाखवायचं, खिडकीतून विमान दाखवायचं, आणि मागच्या दारानं पसार. मी काकूंना हात जोडून सांगितलं, माझ्या घरी हे चालणार नाही. जाताना सांगून जायचं, रडली तर रडू द्यायचं, आणि म्हटलेल्या वेळेला यायचंच. घड्याळ तिला कळत नव्हतं, म्हणून मी सावलीवर वेळ सांगायचे. भूमितीच्या बाईला आणखी काय सुचणार? "तुळशीच्या ओट्याची सावली या फरशीवर आली का मी येतो." आणि खडूनं रेघ.

पहिल्या दिवशी मी नुसती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेले. परत आले तर फाटकाच्या गजांना धरून उभी. ह्यांनी सांगितलं, हललीच नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सावंगीला ओळखीचं कोणी दवाखान्यात होतं, त्यांना बघायला गेले तेव्हा तर मी बसमध्ये स्वतःलाच शिव्या घातल्या, एवढ्या लांब कशाला आले म्हणून. सावली रेघेला टेकायच्या आत घरी पोचायचं म्हणून त्या भट्टीसारख्या उन्हात मी रिक्षावाल्याला पळवत आणलं. फाटकातून हात बाहेर काढून तिनं आधी माझी पिशवी घेतली, मग मला आत घेतलं.

मग जूनच्या सुरुवातीला एकदा परत आले तर फाटकाशी कोणी नाही. आत आले, स्वयंपाकघरात नाही, न्हाणीत नाही. शेजारून हसणं ऐकू आलं. वानखडे काकूंच्या ओसरीवर आरूबाई मांडी घालून पन्हं पीत बसल्या होत्या, ओठांवर पिवळी मिशी. मला बघून म्हणाली, "आली का? थांब, मले अजून घ्याचं हाये." मी भिंतीला टेकून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "मॅडम, ऊन लागलं का तुमाले?" मी म्हटलं, "नाही हो, पन्हं द्या मलेबी."

पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच दप्तर पाठीला लावलं आणि जाहीर केलं की ती शाळेत चालली आहे. शाळा म्हणजे काकूंचं अंगण. आम्ही दोघांनी फाटकाशी उभं राहून टाटा केला. काही वेळानं आली, दिवाणावर दप्तर उलटं केलं. एक गुळगुळीत दगड, चोखलेली कोय, काकूंकडचा कपडे वाळत घालायचा चिमटा, अर्धं बिस्किट. ह्यांनी एकेक उचलून विचारलं, "हे सकाळी होतं?" ती हसून लोळली. चिमटा मात्र काकूंना परत द्यावा लागला, त्यावरून थोडा वाद झाला.

आता हे सगळं लिहिताना कुलर चालू आहे आणि अंगणात हे वांग्यांना पाणी देताहेत. यंदा पुन्हा एक लेकरू यायचंय आमच्याकडे, मुलगा आहे, तीनेक वर्षांचा. समितीच्या ताईंचा फोन झाला. त्या म्हणाल्या, "मॅडम, हा फार चावतो." मी म्हटलं, "चावू द्या. आमचे दात मजबूत आहेत." त्याला काय येत असेल नि काय येत नसेल ते तो आल्यावरच कळेल, आधीपासून ठरवून ठेवायचं मी सोडलं आहे. दप्तर तर आणलेलंच नाही. परवा डोक्याला लागलं ते छान होतं, तरी आणलं नाही.

आरूच्या त्या वर्षी शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मी कॉन्व्हेंटमध्ये जाऊन, शाळा सुटायच्या वेळी झेंड्याच्या खांबाची सावली कुठे पडते ते पाहून आले. व्हरांड्याच्या पायरीला बरोबर टेकत होती. तिथल्या मिसना वाटलं, या बाईंचं डोकं फिरलं. पहिल्या दिवशी सोडताना आरूनं माझं बोट असं आवळून धरलं की अंगठी रुतली. विचारलं, "इथं सावली कोठी आली का येशीन?" मी खांब दाखवला, पायरी दाखवली. तिनं मान हलवली, बोट सोडलं आणि आत गेली. इतर पोरांनी रडून शेड डोक्यावर घेतली होती. पहिला दिवस पार पडला, दुसरा पार पडला. मी स्टाफरूममध्ये दोन दिवस नुसती मिरवत होते.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. दहा वाजल्यापासून सूर्याचा पत्ता नाही. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी सभा लावली आणि ती लांबवली. हे मुलाकडे पुण्याला गेलेले. मी सभेतून उठून आले, रिक्षा मिळेना, मिळाली ती रेल्वेच्या फाटकावर अडकली, मालगाडी जाता जाईना. त्या बंद फाटकाशी बसून मी वर बघत होते. आभाळ नुसतं करडं, जमिनीवर कशाचीच सावली नाही. जूनअखेर आहे, ढग येणार, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं. मी आपली रेघा आखत बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे ती रांगेत ताट धरून उभी असलेली आरू येत होती, आणि मी रिक्षात बसून देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी परीक्षेच्या निकालालाही घेत नाही.

पोचले तेव्हा शाळा केव्हाच सुटली होती. सगळी पोरं गेलेली. व्हरांड्याच्या पायरीवर मिस बसल्या होत्या, शेजारी आरू, मांडीवर दप्तर. रडलेली दिसत नव्हती. मला धाप लागली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वर आभाळाकडे बघितलं, आणि माझीच समजूत घातली.

"आज ऊनच नाई आलं न. मंग तुले कसं समजन यायचं?"

मिस म्हणाल्या, "मॅडम, मघापासून हेच सांगून राह्यली मले. मोठ्या आईले सावली दिसत नसन, म्हणून लेट झाली म्हणते."

येणार नाही हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मला वाट सापडत नसेल, एवढीच तिला काळजी. मी त्या पायरीवर मटकन बसले आणि तिला जवळ ओढलं. तिनं जरा वेळ सहन केलं, मग म्हणाली, "सोड, माही वेणी बिघडते."

त्यानंतर सावली-बिवली लागली नाही. वर्ष मजेत गेलं. केजी वन संपायच्या सुमाराला वंदनाचा नवरा काठी टेकत चालायला लागला, दोघांनी जामच्या चौकात हायवेला लागून नाश्त्याचं छोटं दुकान टाकलं, तर्री-पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, आणि चहा. समितीनं घर पाहिलं, होकार दिला. जायच्या दिवशी आरू मोठ्यांदा रडली, फाटक दणाणून सोडलं. मला ते बरं वाटलं, ऐकायला विचित्र वाटेल, पण बरं वाटलं. आमच्याकडे आली होती तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. वंदना तिला उचलून घेऊन म्हणाली, "रड माय, रड. मोठी आई हायेच तशी, तिच्यासाठी रडासारखी." मग तीही रडली. ह्यांनी वांगी भरून दिली.

आम्ही जामला जात असतो. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी जास्त. गेल्या रविवारी गेलो होतो. आरू आता दुसरीत जाईल. उंच झालीय, पुढचे दात पडलेत, बोलताना हवा जाते. गिऱ्हाइकाला पाण्याचे ग्लास नेऊन देते आणि ग्लास परत आणायला विसरते, मग मावशी ओरडते, मग ही "नाई जात" म्हणते. ते नाई ऐकून मला बरं वाटलं. तेव्हाचं महिन्याचं बाळ, वंदनाचा मुलगा, तो यंदा अंगणवाडीत जायचा आहे. त्याला मी बिस्किटं दिली, मांडीवर घेतलं, दुपारभर तो मला चिकटून होता. हायवेवरून ट्रक जात होते, वंदना तर्री ढवळत होती, हे नि वंदनाचा नवरा खाटेवर बसून कोणाच्या गुडघ्यात काय बिघडलंय ते बोलत होते.

वर्ध्याची बस लागली तशी मी उठले. माझ्या मनाची तयारी होती. आरू रडली तर काय म्हणायचं, किती वेळ जवळ घ्यायचं, पुन्हा कधी येऊ ते कसं सांगायचं, सगळं मी बस यायच्या आधी मनात लावून ठेवलं होतं. रडला तो पोरगा. दोन्ही मुठींनी माझा पदर पकडून त्यानं असं भोकाड पसरलं की ड्रायव्हर खिडकीतून बघायला लागला. वंदनाचे हात पिठात. मी त्याला समजावत होते, तो ऐकेना.

आरू आली. तिनं त्याच्या मुठी उघडल्या, एक बोट, मग दुसरं, अगदी शांतपणे, आणि माझा पदर सोडवून नीट माझ्या खांद्यावर टाकला. त्याला कडेवर घेतलं, तिला पेलत नव्हता तरी घेतलं. म्हणाली, "अरे, जाऊ दे न. त्याईचं घर हाये तिकडं. जातेत, मंग येतेत. काही नाई होत." आणि मला म्हणाली, "तू जाय, मोठी आई. बस सुटन. मी पाहतो याले."

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं, हिनंही एकदा पदर धरावा. क्षणभरच धरावा, मी सोडवून घेईन. तिनं धरला नाही. त्याला ट्रक दाखवत दाखवत ती दुकानाकडे निघून गेली, आणि मी बसच्या पायरीवर उभी, कंडक्टर म्हणतोय, "चढा न जी लवकर."

चढले. हे खिडकीशी बसले होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. बस चौकातून वळली तशी म्हणाले, "चांगलं शिकवलं तू तिले."

"मंग?" मी म्हटलं. "मी शिकवलेलं कोणी विसरते का?" आणि वर्धा येईपर्यंत रडत राहिले.